नऊ नंबरची गेली

तीन दिवसांत मुलीच्या गल्लीतलं मांजरसुद्धा आपल्याला नावानं ओळखू लागेल, असं बू वगियेमनं गावाहून निघताना बसच्या कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगितलं आणि टपावर खोका चढवणाऱ्या हमालालाही सांगितलं. हमालानं विचारलं नव्हतं. पण बू वगियेम विचारायची वाट बघत बसणाऱ्यांतली नव्हती.

तिचं म्हणणं फुशारकीचं असलं तरी खोटं नव्हतं. वोनोगिरीकडच्या तिच्या गावात तीस वर्षं तिनं टोपलीतून दारोदार टेंपे विकले होते. सोयाबीनची ती वडी घ्यायला बाई दाराशी आली की आत काय शिजतंय, कोण रुसलंय, कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय, हे तिला न विचारता कळायचं. सगळं गाव तिला बू म्हणायचं. बू म्हणजे आई. पोटची मुलगीही तेच म्हणते आणि रस्त्यावरचा परका माणूसही तेच. पण दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, गुडघ्यांनी टोपली खाली ठेवायला लावली, आणि तेव्हापासून घरात बोलायला फक्त कोंबड्या उरल्या. त्याही अलीकडे तिचं वाक्य पुरं होण्याआधीच उठून जात.

मुलगी वेनिंग चिकारांगला कारखान्यात होती. जकार्ता संपता संपत नाही आणि शेतं सुरू होता होता राहून जातात, तिथलं ते कारखान्यांचं शहर. वेनिंग तिथं गाड्यांच्या दिव्यांना रबरी पट्टी बसवायची. दर रविवारी फोनवर सांगायची, "बू, काळजी करू नकोस. शेजारी म्हणजे घरचेच आहेत. शिंकले तरी चौघं विचारायला येतात." हे ऐकून बू वगियेमला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा. मनातल्या मनात तिनं एक बेत केला होता. आठ दिवस राहायचं, शेजाऱ्यांना आपलंसं करायचं, आणि मग मुलगी आपणहून म्हणेल, बू, आता परत कशाला जातेस?

सोमवारी ती पोचली. समोरासमोर बारा-बारा दारं, मधे दोन माणसं अंग चोरून जातील एवढी वाट. वेनिंगची खोली नऊ नंबरची. पुढं झोपायचं, मधे पडदा, पडद्यामागं शेगडी आणि मोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला वेनिंग कारखान्याच्या बसनं गेली. बू वगियेमनं केस विंचरले, ठेवणीतला ब्लाउज घातला आणि गल्ली जिंकायला दारात येऊन उभी राहिली.

बाकीची तेवीसच्या तेवीस दारं बंद. बहुतेकांवर कागद चिकटवलेला: रात्रपाळी, दार वाजवू नये. ज्यांना दिवसपाळी होती ते गेलेले, ज्यांना रात्रपाळी होती ते झोपलेले. दहाच्या सुमारास भाजीची गाडी आली. बू वगियेम धावत पुढं गेली. पण भाजीवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि पालकाचा भाव तिच्या कानात सांगितला. गेल्या वर्षी ओरडला म्हणून कुणीतरी त्याच्या गाडीवर बादलीभर पाणी ओतलं होतं म्हणे.

बुधवारीही तेच. वेनिंग संध्याकाळी साडेसहाला यायची, दोन घास खायची आणि बोलता बोलता झोपून जायची. बू वगियेम अर्धं वाक्य हातात धरून बसायची. दुपारी भाताचा कुकर टक् करून बंद झाला, तेव्हा ती चटकन म्हणाली, "हो, आले आले." कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं तिला.

गुरुवारी तिनं ठरवलं, बस झालं. बोलायला कुणी येत नसेल तर जेवण पाठवायचं. भाताला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. पहाटे मुलगी गेल्याबरोबर ती बाजारात गेली आणि तांदूळ, अंडी, मिरच्या घेऊन आली. गावाहून आणलेले टेंपे होतेच. पुठ्ठ्याच्या डब्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात उरलेल्या मालाचा गठ्ठा होता. झाकणावर पांढरी फुलं, भोवती सोनेरी वेलबुट्टी आणि आत बारीक वळणदार अक्षरं. चष्मा गावीच राहिला होता, कारण स्वयंपाक तिला डोळे मिटून येत असे. पण एवढी देखणी अक्षरं म्हणजे देवाचं नाव आणि शुभेच्छाच असणार. मधे ठिपक्याठिपक्यांची एक रिकामी ओळ होती. देणाऱ्याचं नाव घालायला सोय केलीय, किती विचार करतात शहरातली माणसं, असं म्हणत तिनं जाड पेनानं तेवीस डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नऊ नंबर.

ते मयताच्या घरून शेजाऱ्यांना वाटायचे डबे होते आणि ती अक्षरं खरं तर अशी होती: 'दिवंगत ........ यांच्या आत्म्यास शांती मिळो, अशी प्रार्थना करावी.'

भात, तळलेले टेंपे, तिखटातलं अंडं, काकडीच्या चार चकत्या. दार न वाजवता तिनं एकेक डबा पिशवीत घालून एकेका कडीला अडकवला आणि खोलीत येऊन वाट बघत बसली.

पुढचं तिला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या सात नंबरची युयुन उठली. ती बिस्किटाच्या कारखान्यात रात्रपाळीला होती. तिनं कडीचा डबा घेतला, झाकण वाचलं आणि मटकन खाली बसली. गल्लीचा फोनवर एक गट होता, पाणी गेलं आणि दिवे गेले एवढंच कळवायला. त्यात तिनं लिहिलं, नऊ नंबरची गेली. कोण नऊ नंबरची, असं एकानं विचारलं. ती बारीकशी, दुसऱ्यानं लिहिलं. बारीकशी तर सतराची, तिसऱ्यानं लिहिलं. मग सतरा नंबरनं स्वतःच लिहिलं, मी आहे अजून.

समोरच्या दहा नंबरच्या पार्लिननं मुकादमाला फोन करून रात्रीची रजा मागितली. मुकादमानं विचारलं, तुमची कोण लागायची? पार्लिन सरळ माणूस, म्हणाला, समोरची. मुकादमानं बराच विचार करून रजा दिली.

पावणेसहाला बू वगियेमच्या दारात पावलं वाजली. तिनं दार उघडलं तर बाहेर पंधरा-सोळा माणसं! कुणाच्या हातात तांदळाची पिशवी, कुणाच्या हातात साखर, कुणाकडं चहाची पुडी. सगळ्यांचे डोळे लाल. जागरणानं, बिचारी, असं तिला वाटलं. आणि हातातल्या वस्तू बघून तर तिचा ऊर भरून आला. डबा रिकामा परत करू नये, ही रीत इथंही होती तर. तिनं सगळ्यांना आत ओढलं. मावले ते चटईवर बसले, न मावलेले वाटेत बसले. पार्लिन दाराच्या चौकटीला टेकून हात जोडून उभा राहिला. चपलांचा दाराबाहेर हा ढीग!

युयुननं तिचे दोन्ही हात धरले.

"बू, आम्हाला काही कळलंच नाही. कधी गेली?"

"सव्वापाचला," बू वगियेम म्हणाली. मुलीची एवढी चौकशी बघून तिला धन्य वाटलं.

"कशानं गेली?" मागून पाक दुदुंगनं विचारलं. तो त्या खोल्यांचा मालक, वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा पाक, म्हणजे बाप. प्रार्थना तोच सांगणार होता.

"बसनं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वाटेत कुणीतरी हुंदका दिला. ते कारखान्याचे ड्रायव्हर कसे चालवतात, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"जाताना काही बोलली?" युयुननं विचारलं.

"म्हणाली, बू, दार आतून लावून घे."

आता युयुन मोठ्यानं रडू लागली. बू वगियेमनं तिला जवळ घेतलं. शहरातल्या मुली किती हळव्या असतात! पाक दुदुंगनं घसा साफ करून, आणणार किती वाजता, असं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"साडेसहापर्यंत सोडतात," ती म्हणाली. "यायला रस्ता खराब. पण येते. आली की आडवीच पडते बघा, एक शब्द बोलत नाही. तुम्ही आहात तोवर आली तर बरं होईल, तिलाही बरं वाटेल."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हातारीच्या मनानं अजून हे घेतलेलं नाही, हे सगळ्यांना कळलं, आणि त्यामुळं सगळ्यांना आणखी वाईट वाटलं. बू वगियेम मात्र हवेत होती. तीन दिवसांत सोळा माणसं! ती चहा करायला पडद्यामागं गेली. पाण्यात साखर टाकताना ती चक्क गुणगुणत होती. बाहेर पाक दुदुंगनं ते ऐकलं आणि डोळे पुसले.

चहा उकळत असताना दारात हालचाल झाली. पार्लिन म्हणाला, "या ताई, आत या. सरका रे जरा." कुणीतरी येऊन चटईवर बसल्याचा आवाज आला. मग खूप दमलेला, बारीक आवाज बू वगियेमच्या कानावर पडला.

"काय झालं? कोण गेलं?"

आवाज वेनिंगचा होता.

"इथली मुलगी," युयुन नाक ओढत म्हणाली. "नऊ नंबरची. तुम्ही तिच्या कारखान्यातल्या का?"

मग वेनिंग म्हणाली, "हो."

"फार चांगली होती म्हणतात."

"नाव काय होतं तिचं?" वेनिंगनं विचारलं.

चटईवर चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, वेनी. कुणी म्हणालं, नेनी असावं. पाक दुदुंग म्हणाला की भाड्याच्या वहीत असेल लिहिलेलं, घरी बघावं लागेल. बू वगियेमच्या हातातली पळी तशीच राहिली. आधी तिला वाटलं, शेजारी चेष्टा करताहेत. मग तिनं कोपऱ्यात उरलेलं एक कोरं झाकण उचललं, बल्बच्या अगदी जवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. आणि मग तिला पहिला शब्द लागला: दिवंगत.

बाहेर युयुन बोलत होती. हळू, जणू एकट्या त्या नव्या बाईलाच सांगत होती. "मागच्या महिन्यात तिला खोकला झाला होता. दुपारभर खोकायची. तेव्हा तिलाही रात्रपाळी असावी. मला झोप येईना. मी भिंतीवर थाप मारली, जोरात. त्यानंतर आवाज आला नाही. तोंडात उशी धरून खोकत असेल. चार पावलांवर दार होतं. गरम पाणी द्यायला हवं होतं मी."

पडद्यामागं बू वगियेमला रविवारचे फोन आठवले. शिंकलं तरी चौघं येतात म्हणे. चहा उतू जाऊन शेगडी विझली.

शेवटी ट्रे उचलून ती बाहेर आली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून रोज म्हणते तेच म्हणाली, "आलीस, वेनिंग? हातपाय धुऊन घे."

सोळा माणसांनी आधी बू वगियेमकडं पाहिलं, मग चटईवरच्या मुलीकडं. एकजण भिंतीपर्यंत मागं सरकला. युयुननं वेनिंगचा दंड चिमटीत धरून दाबून पाहिला.

"मीच ती," वेनिंग म्हणाली. "वेनिंग. आणि भिंतीचं काही मनात धरू नका. मला वाटलं होतं, खिळा ठोकताय."

पहिला हसला तो पार्लिन. त्याचं हसू घोड्यासारखं होतं आणि त्यानं स्वतः ते बराच काळ वापरलं नसावं. मग सगळेच हसू लागले, युयुन रडता रडता हसू लागली. पाक दुदुंगनं पाठ करून आणलेली प्रार्थना फुकट जाऊ नये म्हणून तिच्यातली दीर्घायुष्याची दोन वाक्यं शोधून म्हटली. बू वगियेम प्रत्येकाची माफी मागत चहा देत होती. तांदूळ-साखर परत न्यायला कुणी तयार होईना. दुखवट्याला आणलेली वस्तू घरी परत नेत नाहीत. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर रात्रपाळीच्या बसचा भोंगा वाजला. अर्धे चहा तसेच टाकून माणसं ताडकन उठली. दाराशी एकच गर्दी झाली आणि ज्याला जी सापडली ती चप्पल घालून जो तो पळाला, सवयीनं रजेवरचा पार्लिनही. दोन मिनिटांत खोलीत पुन्हा माय-लेकी दोघीच.

बराच वेळ दोघी उरलेला भात खात होत्या.

"गावाकडं कसं चाललंय तुझं?" वेनिंगनं विचारलं. "एकटं नाही ना वाटत?"

"मला?" बू वगियेम म्हणाली. "दिवसभर माणसं. दार लावायची सोय नाही."

वेनिंगनं तिच्याकडं पाहिलं आणि आपल्या ताटातलं अंडं आईच्या ताटात ठेवलं. परत कशाला जातेस, असं ती म्हणाली नाही. या खोलीत मला ठेवून घे, असं बू वगियेमलाही आता म्हणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वेनिंगची चप्पल सापडेना. दाराबाहेर तिच्या चपलेच्या जागी होडीएवढी काळी पुरुषी चप्पल होती. एवढा मोठा पाय गल्लीत एकाचाच, पार्लिनचा. तो रजेवर, म्हणजे घरीच. वेनिंग ती चप्पल हातात घेऊन चार पावलं गेली, दहा नंबरच्या दारापुढं उभी राहिली, वाजवायला हात वर केला. दारावर कागद होता. तिनं हात खाली घेतला, परत आली, कारखान्याचे बूट चढवले आणि म्हणाली, "झोपला असेल गं. जाऊ दे." आणि बससाठी निघून गेली.

बू वगियेम ती होडी हातात घेऊन उभी राहिली. वाटेत अजून अंधुक होतं, बाकीची तेवीसच्या तेवीस दारं पुन्हा बंद. तिनं कागद वाचला. एवढी मोठी अक्षरं तिला चष्म्याशिवायही दिसत होती. मग तिनं मुठीनं दार वाजवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात.

आत काहीतरी पडलं. दार उघडलं. पार्लिन लुंगी सावरत, अर्धे डोळे मिटून उभा होता. त्याच्या टाचा वेनिंगच्या चपलेच्या बाहेर वीतभर आल्या होत्या. त्यानं बू वगियेमकडं पाहिलं, चौकटीला टेकला आणि हात जोडले.

"बू," तो म्हणाला, "आता कोण गेलं?"