बेसिनपाशी नेमणूक

शहरात तापाची साथ आली, तेव्हा वजनमापे कार्यालयाने तिची रीतसर दखल घेतली. हा ताप हातांवाटे पसरतो, असं आरोग्य खात्याने कळवलं होतं. त्यानुसार जिन्याजवळच्या बेसिनवर नवा साबण ठेवण्यात आला आणि सर्वांनी हात धुवावेत असा आदेश निघाला. आदेश सर्वांनी वाचला, वाचल्याची सही केली आणि जो तो आपल्या जागेवर जाऊन बसला. साबणाला कोणी शिवलं नाही. त्याला आधी भेगा पडल्या, मग धूळ बसली, आणि शेवटी कुणीतरी त्यात सुट्या टाचण्या खोचून ठेवायला सुरुवात केली.

साहेबांच्या मनाला हे फार लागलं. त्यांनी एका तज्ज्ञांना बोलावलं. साथीच्या दिवसांत माणसं स्वतःला का जपतात, यावर तज्ज्ञ दुपारभर बोलले. कोणी रोगाच्या भीतीने जपतं, कोणाचा उपायावर विश्वास असतो, कोणाला घरच्यांची काळजी असते. कार्यालयाने तिन्ही गोष्टी करून पाहिल्या. भीतीसाठी भिंतीवर जंतूचं मोठं चित्र लावलं. ते लेखापाल बाईंना साहेबांसारखं दिसलं आणि त्यांनी सांगितल्यावर सगळ्यांनाच तसं दिसू लागलं. विश्वासासाठी साहेबांनी भाषण केलं. काळजीसाठी प्रत्येकाने टेबलावर घरच्यांचा फोटो ठेवावा असं ठरलं. ते फोटो या हातातून त्या हातात फिरले, पोराबाळांचं कौतुक झालं, आणि हात होते तसेच कोरडे राहिले.

मग एके दिवशी साहेब बेसिनवरच्या आरशात भांग पाडत उभे होते. कपातला गाळ ओतायला आलेल्या माणसाने साहेबांना पाहिलं आणि कप ठेवून हात धुतले. त्याच्या मागच्याने धुतले. लेखापाल बाई नुसत्याच तिथून चालल्या होत्या, त्यांनीही धुतले, वर कोपरापर्यंत. साहेबांनी कंगवा खिशात ठेवला.

"कळलं," ते म्हणाले. "माणूस रोगाला भीत नाही हो. बघणाऱ्याला भितो."

त्याच दिवशी बघणाऱ्याचं पद निर्माण झालं. नेमणूक झाली आवक-जावक कारकुनाची, कारण त्याचं टेबल बेसिनला खेटून होतं. या गृहस्थांना सगळे जावकराव म्हणत. कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. पण या कामाला त्यांनी एका शब्दानेही नकार दिला नाही, कारण त्यांना कार्यालयातली साथ खरोखरच संपायला हवी होती.

घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने झाकोळले होते. शस्त्रक्रियेची तारीख महत्प्रयासाने मिळाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तोवर यांना ताप येता कामा नये. तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि फार उशीर झाला तर नजर हातची जाईल."

आईला मात्र दुसरीच घाई होती.

"तुझी ताई म्हणते, तुला टक्कल पडलंय."

"काहीतरीच बोलते ती."

"ते मी बघेन ना. एकदा पट्टी सुटू दे डोळ्यावरची, आधी तुझं डोकंच बघते."

जावकराव कामाला लागले आणि चमत्कार झाला. खुर्ची वळवून ते नुसते बघत बसत आणि लोक मुकाट्याने हात धुवत. साबण झिजू लागला. साहेबांनी वर कळवलं, वरून शाबासकी आली. पण लेखापाल बाई म्हणाल्या, "हे बघतात की डुलक्या काढतात, हे कोण बघतं?" प्रश्न बिनतोड होता. जावकरावांवर लक्ष ठेवायला एक पर्यवेक्षक आला. पर्यवेक्षकावर लक्ष ठेवायला लेखापाल बाईंनाच नेमलं, कारण हे त्यांनीच सुचवलं होतं. जिन्याजवळची ती जागा एवढीशी. तिथे आता तिघं बघणारे आणि धुणाऱ्यांची रांग, असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. पर्यवेक्षकांना खोकला होता. पण ते तोंडावर हात धरत असत, आणि त्या हाताने पुढच्याच्या पाठीवर थोपटून "सरका पुढे" म्हणत.

पुढे साहेबांच्या लक्षात आलं, की नळाची चावी प्रत्येक जण घाणेरड्या हाताने उघडतो आणि धुतल्यावर त्याच चावीला हात लावून बंद करतो. त्यांनी तातडीने सुधारणा केली. नळ एकट्या जावकरावांनी उघडायचा आणि बंद करायचा. जावकराव दिवसभर नळ सोडत, नळ बंद करत. स्वतःचे हात धुवायला मात्र त्यांना जागा सोडता येईना, कारण बघणारा धुवायला लागला तर बघणार कोण? त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"साहेब, मी माझे कधी धुवू?"

"तुम्ही?" साहेबांना नवल वाटलं. "अहो, तुम्ही तर या योजनेचे प्रमुख!"

मग योजना बघायला बाहेरून लोक येऊ लागले. इतर कार्यालयांचे साहेब आले, त्यांचे सहायक आले. ते सगळे रांगेत उभे राहून बेसिन बघत आणि जाताना जावकरावांचा हात हातात घेऊन भरभरून हलवत.

संध्याकाळी जावकराव घरी येत ते गळून गेलेले. दिवसभर इतके हात धुतलेले पाहिल्यावर त्यांना आपलेही धुवून झाल्यासारखंच वाटे. पाणीही गार असे.

"हात धुतलेस का रे?" आई आतून विचारी.

"धुतले गं."

"नळाचा आवाज नाही आला."

बिचारीला दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. दुसऱ्या दिवसापासून जावकराव घरी आले की आधी नळ सोडत, जरा वेळ टॉवेल चाचपत उभे राहत आणि नळ बंद करत. आई समाधानाने मान हलवी. मग तेच हात तिला वाटीतला भात कालवून देत.

साहेबांनी जावकरावांचा सत्कार ठरवला. हारतुरे झाले, सगळ्यांनी हस्तांदोलन केलं. निम्मं कार्यालय तापाने घरी होतं, पण आले होते तेवढ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. जावकराव नारिंगी शाल पांघरून घरी पोहोचले, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग विस्तवासारखं तापलं होतं.

डॉक्टरांनी तारीख रद्द केली. पुढची कधी, हे त्यांनी सांगितलं नाही.

जावकराव मोरीत गेले, नळ सोडला आणि आयुष्यात प्रथमच मन लावून हात धुतले. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही त्यातच गेलं. बाहेर येऊन ते आईशेजारी बसले.

"आज धुतलेस," आई म्हणाली.

जावकरावांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"हातावरून पडणारं पाणी वेगळं वाजतं रे. नुसतं मोरीत पडणारं वेगळं."

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"दमून यायचास. त्यात मी कुठे आणखी किटकिट करू?" तिने हात पुढे केला. "ये इकडे. डोळ्यांनी नाही तर हातानेच बघते."

जावकरावांनी डोकं खाली केलं. तिची ऊन ऊन बोटं कपाळावरून मागे गेली. बराच वेळ बोटांना केस लागेनात.

"ताई खरं बोलत होती," ती म्हणाली.

वाचताना जावकरावांचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. फक्त हे पान ज्या हातांत धरलंत, ते शेवटचे कधी धुतले होते तेवढं एकदा आठवून बघा. अगदी खरं आठवलं तरी चालेल. इथे कोणी बघत नाहीये.