दोरिवालने पाठ फिरवली

“आजही पाहुण्यांना नुसते पंजेच दाखवलेस, तर उद्यापासून तू स्वयंपाकघरात माशांची खवलं काढायची आणि होडी एव्हेराल्दोकडे,” झुल्मिराबाईंनी भल्या सकाळी दोरिवालला सुनावलं.

एव्हेराल्दो म्हणजे बाईंच्या लॉजचा आचारी आणि दोरिवालचा सख्खा साडू. तो दारात उभा राहून कांदा चिरत होता आणि डोळ्यांत पाणी असूनही हसत होता. बाईंचंही काही चुकत नव्हतं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन पांतानालच्या पाणथळीत येणारी गोरी पोरं मगरी पाहायला येत नाहीत. मगरी तर इथे मोरीपर्यंत येतात. त्यांना हवी असते जॅग्वार. आणि दोरिवाल दाखवायचा चिखलात उमटलेला तिचा पंजा. “ताजा आहे!” हे तो इतक्या भक्तिभावाने सांगायचा, की काही जण पंज्याचाच फोटो काढून समाधानाने परत जायचे. पण अलीकडे समाधानी माणसं कमी झाली होती. होडी गेली तर आपलं काही खरं नाही, हे दोरिवालला कळत होतं. नदीशिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

“आज दाखवतोच, बाई. उन्हं चढायच्या आत निघतो. फक्त तेरेरेची एक फेरी.”

ही फेरी झाल्याशिवाय तिकडे घोडासुद्धा ठाण सोडत नाही. धक्क्यावर पाहुण्यांसकट सगळे गोल करून बसले. दोरिवालने शिंगाच्या प्याल्यात कडू पाल्याचा चुरा भरला, त्यावर बर्फाचं पाणी ओतलं, पहिला प्याला रिवाजाप्रमाणे स्वतः संपवला आणि दुसरा मानाने इर्याला दिला. ही फिनलंडची पाहुणी. नळीने ओढायचं आणि रिकामा प्याला वाढणाऱ्याला परत द्यायचा, की तो भरून पुढच्याला. एवढं साधं. पण इर्याने प्याला रिकामा केला आणि मांडीवर धरून बसली. तिला वाटलं, प्याला आपलाच.

आता पाहुणीकडून प्याला मागायचा कसा? पांतानालचा माणूस एक वेळ जावयाला दिलेली गाय परत मागेल, पण हे नाही.

“काहीतरी कर ना,” एव्हेराल्दो कुजबुजला. “घसा सुकला माझा.”

“मग खाकर की.”

एव्हेराल्दो खाकरला. इर्याने त्याला खोकल्याची गोळी दिली.

मग दोरिवालने नुसतं सुचवावं म्हणून पाण्याचा कॅन हलवला. इर्याला वाटलं, आग्रह चाललाय. तिने प्याला पुढे केला, पण हातातून सोडला नाही. पुढे आलेल्या प्याल्यात पाणी न ओतणं म्हणजे दारी आलेल्याला हाकलणं. त्याने ओतलं. तिने डोळे मिटून ओढलं. त्याने पुन्हा आशेने कॅन हलवला, तिने पुन्हा प्याला पुढे केला. कॅन संपला तेव्हा इर्याचं पोट तट्ट फुगलं होतं आणि ऊन चांगलंच वर आलं होतं.

“किती पाजता हो तुम्ही!” ती मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली.

“तुमचंच घर आहे, ताई,” दोरिवाल कसनुसं हसला.

एकदाची होडी निघाली. ‘हाताला सवय व्हावी’ म्हणून एव्हेराल्दोही चढला. पहिल्याच वळणावर चिखलात पंजा दिसला. दोरिवालने जीभ चावली आणि होडी पुढे काढली. दुसऱ्या वळणावर इर्या किंचाळली, “थांबवा!”

“जॅग्वार?”

“नाही हो. मला उतरायचंय. आत्ताच्या आत्ता!”

दोरिवालने होडी काठाला लावली, काठीने झुडूप बडवून साप नसल्याची खात्री केली आणि परत येऊन हुकूम सोडला, “सगळ्यांनी पाठ फिरवा. साडूभाऊ, तुम्हीसुद्धा.”

“मी कुठं बघतोय?”

“बघणारही नाहीस.”

होडीतल्या झाडून सगळ्यांनी सभ्यपणे पलीकडच्या काठाकडे तोंडं केली. मागे पाला सळसळला. थोड्या वेळाने पाणी डुचमळल्याचा आवाज आला. “झालं का हो, ताई?” एव्हेराल्दोने विचारलं आणि दोरिवालच्या कोपराचा तडाखा खाल्ला. अखेर इर्या आली. चेहरा पांढराफटक.

“ती आली होती,” ती पुटपुटली. “समोर. माझ्याकडे बघितलं, तुमच्या पाठींकडे बघितलं, होडीशेजारी पाणी प्यायली आणि गेली.”

सगळे गर्रकन वळले. चिखलात पंजा होता. अगदी ताजा होता, पण ते सांगायचं सोडून दोरिवालने टोपी डोळ्यांवर ओढली. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

लॉजवर पोचताच एव्हेराल्दो ओरडला, “बाई, आजही पंजाच!”

“पंजा?” इर्या तरातरा पुढे झाली. “बाई, असा वाटाड्या मी जन्मात पाहिला नाही. यांनी मला जॅग्वारच्या पुढ्यात नेऊन बसवलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मानसुद्धा वळवली नाही. केवढं धैर्य!”

झुल्मिराबाईंनी दोरिवालला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. “होडी तुझीच रे बाबा,” त्या म्हणाल्या. “एव्हेराल्दो, आत जा. भात करपतोय.”

संध्याकाळी पाहुणे झोपाळ्यांत पहुडले, तेव्हा दोरिवाल टोपी हातात घेऊन इर्यापाशी आला. साडू आसपास नाही, हे त्याने आधी बघून घेतलं.

“ताई, एक विचारू? कुणाला बोलणार नाही ना?”

“विचारा की.”

“दिसते कशी हो ती?”