शिळा कोड चालणार नाही

आमच्या ऑफिसातले लिमये कालचा भात फोडणी देऊन आवडीने खातात, पण कालचा कोड त्यांना चालत नाही.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. त्यातला निम्मा प्रोग्राम आम्ही लिहीतच नाही. मालाचे तक्ते दिले की त्यावरून कॉम्प्युटरच तो लिहून काढतो. मग ते लिखाण आमच्या हातच्या कोडमध्ये मिसळून सगळं जुळवायचं, म्हणजे बिल्ड. तक्ते बदलले नसतील तर कालचं लिखाण आज वापरायला कोणाची हरकत नसते. लिमयांची असते. "आधी भांडं घासा, मग आधण ठेवा हो!" असं म्हणत ते सगळं पुसून पहिल्यापासून करायला लावतात. त्यात चांगला अर्धा तास जातो आणि तोवर आम्ही हात बांधून बसतो.

बसतो म्हणजे मागच्या पडवीत. तिथे लिमये डबा उघडतात. घावन आणि ओल्या नारळाची चटणी. पहाटे केलेले घावन दुपारी चारला शिळे होत नाहीत का, हे विचारायची कोणाची छाती नाही, कारण तोंडात घास असतो.

"घे गो मुग्धा, लाजतेस काय? कॉम्प्युटरला घाई नाही, तुला कसली?"

मुग्धाला होती. ती रोज संगमेश्वरहून यायची आणि तिचं तान्हं मूल तिकडे सासूजवळ असायचं. एका शुक्रवारी संध्याकाळी ऐनवेळी दुरुस्ती निघाली, लिमयांनी शिरस्त्याप्रमाणे भांडं घासलं आणि मुग्धाची एसटी चुकली. "आई, रडत असेल ना तो? झोपवा त्याला, माझी वाट बघू नका," असं ती फोनवर हळू आवाजात सांगत होती. लिमये रिकामा डबा हातात धरून शेजारीच उभे होते. 

सोमवारी बघतो तर बिल्ड दोन मिनिटांत! तक्ते बदलले तरच नवं लिहायचं, नाहीतर कालचं घ्यायचं, अशी सोय लिमयांनी रविवारी एकट्याने येऊन करून ठेवली होती.

"आणि शिळं?" मी विचारलं.

"तपासलंय मी मागेच. काही होत नाही त्याला."

म्हणजे हे गृहस्थाला पहिल्यापासून माहीत होतं!

चार वाजता ते डबा घेऊन पडवीत गेले. कोणी उठलं नाही. बिल्ड केव्हाच झालं होतं, सगळे कामात होते आणि मुग्धाचं लक्ष घड्याळाकडे होतं. मी खिडकीतून पाहिलं. डबा नेहमीसारखाच सगळ्यांना पुरेल एवढा. वहिनी नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्यापासून लिमयांच्या घरी दुसरं माणूस नाही. डबा उघडून ते नुसते बसले होते, खात नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मी माझ्या कॉम्प्युटरवरचं कालचं सगळं लिखाण पुसून टाकलं आणि पडवीत गेलो.

"लिमये, मला ते कालचं काही बरोबर वाटेना हो. पहिल्यापासून लावलंय."

"अर्धा तास जाईल," ते म्हणाले, आणि झाकणात माझ्यासाठी दोन घावन काढले.