समजा, ब्रेक लागला

"पळायला काय रे बुधाजी, बैलसुद्धा पळतो. आपल्याला पगार थांबायचा मिळतो."

दौलतमास्तरांचा हा आवाज बुधाजीच्या कानात चाळीस वर्षं मुक्कामाला होता. मास्तर डेपोत नव्या ड्रायव्हरांना बस शिकवायचे. पहिले पंधरा दिवस त्यांनी बुधाजीला नुसतं थांबायला शिकवलं. स्टॉपवर थांब, सिग्नलला थांब, म्हातारीची पिशवी आधी चढते नि म्हातारी मागून, तोवर थांब. या थांबण्याच्या जोरावर बुधाजीने एकतीस वर्षं बस चालवली आणि माणूस सोडाच, कबूतरसुद्धा दुखावलं नाही.

त्यामुळे नातीसाठी गाडी निवडताना त्याला कोणीच काही विचारलं नाही.

नात मनवा, वय एकोणीस. लायसन्सचं वय तीन आठवडे. बीडीडी चाळीतल्या एका खोलीतून कुटुंब आता टॉवरच्या सत्ताविसाव्या मजल्यावर आलं होतं आणि खिडकीतून कोस्टल रोड दिसत होता. दिसणाऱ्या रस्त्यावर आपली गाडी नसणं बरं दिसत नव्हतं.

"पप्पा, आधी छोटी घेऊ ना एखादी," मनवा म्हणाली. "सेकंडहँड. घासली तरी चालेल अशी."

"घासायला गाडी घेतात का?" तिचा बाप विकास म्हणाला. "सात माणसं एका खोलीत राहिलो आपण. आता लहान काही घ्यायचं नाही."

गाडीच्या रंगावर घरात तीन बैठका झाल्या, सायलेन्सरच्या आवाजावर दोन. ब्रेकचा विषय "ते सगळ्यांनाच असतात" या एका वाक्यात सर्वानुमते निकाली निघाला. शोरूममधला मुलगा बुधाजीला म्हणाला, "काका, शून्य ते शंभर, साडेचार सेकंद!" वरळी नाक्याच्या सिग्नलला साडेचार सेकंदांत पुढच्या टॅक्सीवाल्याची शिंकसुद्धा पुरी होत नाही. बुधाजीच्या ओठांवर आलं, "आणि शंभर ते शून्य?" त्यामागे आणखी एक वाक्य दबा धरून बसलं होतं, की पोरीला ही गाडी झेपणार नाही. पण तेवढ्यात हातात कॉफी आली, फेसावर नक्षीचं पान काढलेली. बुधाजीने दोन्ही वाक्यं कॉफीबरोबर गिळली.

गाडी दारात आली ती पळसफुलासारखी लाल. शेजारपाजार जमला. बुधाजीच्या बायकोने, राधाने, हार घालता घालता जागच्या जागी ओवी जुळवली:

तीनशे घोड्यांचा रथ, आला माझिया दाराला,
नात बसली ऐटीत, पाय पोचेना ब्रेकाला!

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटचा चरण फक्त बुधाजीला ऐकू आला.

दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये सोसायटीची सूचना लागली. तरुण रहिवाशांच्या हाती शक्तिशाली वाहने येत असल्याने 'शक्तिशाली वाहन सुरक्षित हाताळणी उपसमिती' गठित करण्यात येत आहे. समितीच्या दाखल्याशिवाय असे वाहन जागेवरून हलवता येणार नाही. दाखल्यासाठी त्याच वाहनावर प्रात्यक्षिक परीक्षा घेण्यात येईल.

बुधाजी सेक्रेटरी प्रफुल्लकडे गेला. "अरे, गाडी हलवायचीच नाही, तर परीक्षा कशी घेणार तू?"

"तीच तर सेफ्टी आहे काका. हललीच नाही, तर ठोकेल कशाला?"

"मी घेतो ना परीक्षा. एकतीस वर्षं..."

"तुमचा अनुभव अवजड वाहनाचा. वरून परीक्षक दाखलाधारक पाहिजे."

"मग दाखला आहे कोणाकडे?"

"अजून कोणाकडेच नाही. म्हणून तूर्तास कमिटी बघतेय."

"कमिटीत गाडी कोण चालवतं?"

प्रफुल्लला प्रश्न विषयाला सोडून वाटला. "काका, मी रोज टॅक्सीत मागे बसून सगळं बारीक बघत असतो," तो म्हणाला. "आणि तुम्हाला कुठे वगळलंय? तुम्हाला मस्त रोल दिलाय. रस्ता ओलांडणारा ज्येष्ठ नागरिक."

शनिवारी पार्किंगमध्ये परीक्षा झाली. मनवा स्टिअरिंगवर, इंजिन बंद. परीक्षक लतिकाबाई. त्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना आत्मविश्वास शिकवत आणि त्यांच्याकडे स्वतःचा भरपूर होता.

"समजा, समोरून हातगाडी आली."

"ब्रेक दाबला," मनवा म्हणाली.

"समजा, ब्रेक लागला. छान! आता समजा, ज्येष्ठ नागरिक आले."

बुधाजी आला. बॉनेटपासून दोन फुटांवर उभा राहिला. गाडी बंद होती, तरी त्याच्या पाठीवरून घामाचा एक थेंब सावकाश उतरला.

"दाबला."

"समजा, वाचले. काका, बाजूला व्हा, पुढचा प्रसंग घ्यायचाय."

मनवाला शंभरपैकी शंभर मिळाले. दाखला वाचलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या हस्ते देण्यात आला. तिथे काही बोलावं असं बुधाजीला वाटलं, पण आधी त्याचा सत्कार झाला, आणि शालीखाली माणूस फार बोलत नाही.

आता टॉवरमध्ये दाखलाधारक अशी एकटी मनवाच होती. नियमाप्रमाणे परीक्षकही तीच. "अहो, मला स्वतःलाच..." ती म्हणू लागली, पण नम्रता हा तिच्या गुणांत आणखी एक गुण धरला गेला. आठवड्याभरात तिने पाच पोरं पास केली. त्यांतल्या शंतनुची गाडी अजून यायची होती. त्याची परीक्षा प्लास्टिकच्या खुर्चीवर झाली. खुर्ची त्याने उत्तम हाताळली.

इतकं यश झाकून ठेवणं समितीला जड गेलं. रविवारी सकाळी 'आदर्श युवा चालक फेरी' ठरली. गेटपासून थेट कोस्टल रोड. खुर्चीवाला सोडून पाच शक्तिशाली वाहने, पुढे मनवाची. ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून बुधाजी तिच्या शेजारी, सत्काराची शाल अंगावर. मागे विकास, लतिकाबाई आणि मिठाईचे खोके.

प्रफुल्लने हिरवा झेंडा उंच धरला. मनवाने बटण दाबलं. गाडी अशी गुरगुरली, की गेटवरचं कुत्रं उठून सोसायटीबाहेर गेलं. वॉचमनच्या पोराला कडेवर घेऊन त्याची आई फेरी बघायला गेटाच्या मधोमध उभी होती.

मनवा जागची हलली नाही. ती वाकून बुधाजीच्या पायांकडे बघत होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये?"

"माझ्या बाजूला कशाला असेल?"

"क्लासच्या गाडीत सरांच्या बाजूला होता. टेस्टच्या दिवशीपण. मी म्हणायचे थांबते, आणि गाडी थांबायची. मला वाटायचं, मीच थांबवतेय."

"बंद कर," बुधाजी म्हणाला.

"बाबा, लोक बघतायत!" मागून विकास.

"बंद कर गं बाई."

गुरगुर थांबली. बुधाजी दार उघडून खाली उतरला. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं, त्यामुळे कोणाला काय करावं सुचेना.

"काका, भाषण फेरीनंतर आहे," प्रफुल्ल कुजबुजला.

"भाषण नाही. एकच विचारतो," बुधाजी मोठ्याने म्हणाला. "लायसन्सच्या दिवशी ज्यानं ज्यानं स्वतःच्या पायानं गाडी थांबवून दाखवली, त्यानं हात वर करा."

चारही गाड्यांतल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. विकास खोक्यांवरची सुतळी सोडवू लागला. लतिकाबाईंना फोन आला, न वाजता. हात एकच वर होता, प्रफुल्लचा, झेंड्यासकट. तोही त्याने सावकाश खाली घेतला. आणि वाचकहो, तुमचे दोन्ही हात पुस्तकात गुंतले आहेत, हे आम्ही समजून घेतो.

मनवा बाहेर आली. डोळे भरलेले, तरी सुटल्यासारखी. गेटातली बाई पोराला घेऊन बाजूला झाली होती.

"आजोबा, मला ही झेपणार नाही, हे तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ना?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बुधाजीने त्या लाल बॉनेटकडे पाहिलं. त्यात टॉवर दिसत होता, आभाळ दिसत होतं, आणि शाल घेतलेला तो स्वतः.

"तू छोटी मागत होतीस," तो म्हणाला. "ही मला हवी होती गं. सगळ्या वरळीनं मला हिच्यात बसलेलं बघावं, म्हणून गप्प बसलो."