परबभाऊंची उघडी गोळी

लालबागच्या आमच्या चाळीत लोक बीपीची गोळी मिरवतात, शुगरची तर कौतुकाने दाखवतात. डिप्रेशनची गोळी चारचौघांत घेणारे मात्र एकटे परबभाऊ. छापखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे आमचे शेजारी. सकाळी नाश्ता झाला की गॅलरीत यायचं, गोळी तोंडात टाकायची, वर तांब्यातलं पाणी प्यायचं आणि मग खड्या आवाजात प्रकृतीच्या बातम्या द्यायच्या.

"तोंडाला कोरड आहे. मळमळ कालच्यापेक्षा कमी. जांभया चालू."

गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांनी दूधवाल्यालासुद्धा पटवून दिलं होतं. कॅरममध्ये हरले तरी कारण एकच, साइड इफेक्ट. एकदा त्यांची आमटी खारट झाली, तेव्हाही दोष गोळीवरच गेला.

पथ्याला मात्र पक्के. पार्टीत कुणी ग्लास पुढे केला की म्हणायचे, गोळी चालू असताना दारू नाही. खालच्या घाडीकाकूंची सून गप्प गप्प राहायची, म्हणून काकूंनी तिच्यासाठी एक गोळी मागितली. भाऊ म्हणाले, "ही काय साखर आहे वाटीभर द्यायला? तिला डॉक्टरकडे न्या." बरं वाटू लागलं तशी तीही बातमी आली: बरं वाटतंय, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतील.

त्या दिवसांत माझा दादा नोकरी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवण नाही, अंघोळ नाही. आई सगळ्यांना सांगायची, ॲसिडिटी आहे. आणि भाऊंच्या बातम्या आता नेमक्या आमच्याच दारासमोर होऊ लागल्या. शेवटी मी बाहेर जाऊन त्यांना जरा हळू बोलायला सांगितलं.

भाऊंनी आवाज एकदम उतरवला.

"हळू बोललो तर आत कसं ऐकू जाईल, बाय? मी कितीतरी वर्षं असाच पडून होतो. कामावरून यायचो आणि पडायचो. लोक म्हणायचे, परब शांत माणूस आहे."

मी आत आले आणि गॅलरीकडची खिडकी उघडून ठेवली.

असेच बरेच दिवस गेले. एका सकाळी भाऊ जांभयांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात आमचं दार उघडलं. दाढी वाढलेला दादा उंबऱ्यात उभा होता.

"भाऊ, तुमचे डॉक्टर कुठे बसतात?"

भाऊंनी तांब्या माझ्या हातात दिला आणि पायात चपला सरकवल्या. "हिंदमाताला. चल."

दादा पुढे सांगायचा, रस्ताभर भाऊंनी एकही बातमी दिली नाही. फक्त दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी त्याचा हात धरला. त्याला आत सोडून भाऊ बाहेरच्या बाकावर बसून राहिले.




तो बाहेर आला तेव्हा ते डोळे पुसत होते.