‘येतो’ म्हणून माघारी फिरणाऱ्या किरणाचा बंदोबस्त

श्रीगजाननाचे व घरच्या इन्व्हर्टरचे स्मरण करून, मयूर विहारी चौथे मजल्यावर जेवणाच्या टेबलावर जे तुंबळ रण माजले त्याची हकीकत येणेप्रमाणे. ऐकणाराने लाडू खात ऐकावी, मात्र हात पुसून. कारण पुढे कळेल.

कादंबरीबाई म्हणजे विनायकराव व शालिनीबाईसाहेब यांची नात. अकलेने दिल्लीच्या तख्तास भारी, मराठीत अंमळ उणी. चाकरी नोएडास, आणि कामगिरी अशी, की केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाशाचे स्वार एका पेटीतून दुसऱ्या पेटीत दौडवावे आणि एकही चुकू नये. मजल म्हणाल तर आमटीच्या पातेल्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत, आणि वाटेत तारेला दोन सांधे. कचेरीत रंगकाम निघाले म्हणून पेट्या-तारांची फौज घरीच उतरली, आणि वरिष्ठ सूर्यकांतसाहेबांचा हुकूम सुटला की दुपारी आम्हास पडद्यावर दौड दाखवावी. फत्ते झाल्यास काम नोएडासच राहील, शिकस्त झाल्यास कादंबरीबाईंची रवानगी बेंगळुरास. हे ऐकोन शालिनीबाईसाहेबांनी हातचा घास ताटात ठेविला, कारण संध्याकाळी भांडावयास घरात दुसरे तोलाचे माणूस नव्हते. विनायकराव होते, पण ते लगेच हरत.

मग सकाळी दौड सुरू झाली, आणि पडद्यावर लाल चुकांची अशी टोळधाड उतरली की यमुनापार अंधारले.

“तारेच्या तोंडाला हात कोणी लावला?” कादंबरीबाई कडाडल्या.

विनायकराव, केंद्र सरकारचे निवृत्त अंमलदार, मिशीस बेसन, बोटांस तूप, वदले, “हात नाही लावला. इन्स्पेक्शन केलं.” आणि जुन्या रेडिओच्या सवयीने तारेच्या तोंडावर त्यांनी फुंकर घातली, आणि टोळधाड दुप्पट झाली.

“फुंकर कशाला, यार आजोबा! आता ओलही बसली! तुपाला आपटून प्रकाश मागे फिरतो, मागच्या सांध्यावर आपटतो, परत पुढे येतो आणि नव्या प्रकाशात घुसतो. त्या पेटीला कळतच नाही खरा कुठला.”

“अच्छा, म्हणजे आपले विश्वासभावजी!” शालिनीबाईसाहेब म्हणाल्या. “‘येतो’ म्हणतात, दारापर्यंत जातात, एक चप्पल घालतात, आणि वळून पुन्हा सुरू! मागचे पाहुणे अडकलेले. अगं, निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून माणूस ‘येतो’ म्हणतो. हा मेला किरण खरंच येतो!”

मग कादंबरीबाईंनी पेनासारखी कोरडी पुसणी काढोन टक्‌टक् करीत सर्व तोंडे पुसली, आणि गनीम बहुतेक पळाला, तरी थोडे बंडखोर उरले, आणि दुपार तर दारात येऊन ठेपली.

“आजी, विश्वासआजोबांना तुम्ही कसं घालवता?”

“तिरकस बोलते. सरळ बोललं की माणूस वळून उत्तर देतो. तिरकस बोललं की कडेकडेने निघून जातो.”

कादंबरीबाई ऐशा उसळल्या की पंख्यास डोके लागता लागता राहिले. “आजी! तिरकी तोंडं!” पिशवीत हिरव्या टोकांच्या तारा होत्या, तोंडे जरा तिरकी घासलेली, की आपटला प्रकाश माघारी न फिरता बाजूस विरून जावा. आधीची निळी सपाट तोंडे सांध्यांवरून बरतर्फ झाली, आणि समोरासमोर हिरव्यास हिरवीच सोयरीक जुळली, आणि विनायकराव लाडवांच्या डब्यासकट बाल्कनीत नजरकैद झाले.

मग सूर्यकांतसाहेब पडद्यावर प्रकटले, आणि दौड झाली, आणि चूक म्हणून औषधाला सापडेना. काम नोएडासच राहावे असा हुकूम जाहला, आणि शालिनीबाईसाहेबांनी बाल्कनीकडे पाहून “सुटका!” अशी द्वाही फिरवली.

पुढे या घरी ‘जातो’ म्हणण्याची मुभा एकट्या किरणास बहाल झाली. कचेरीचे रंगकाम आटोपताच कादंबरीबाई पेट्या काखोटीस मारून नोएडास निघाल्या आणि म्हणाल्या, “चलो आजी, जाते!” तेव्हा शालिनीबाईसाहेब दारात आडव्या आल्या. “ते किरणापुरतं. तू ‘येते’ म्हण.” मग त्या ‘येते’ म्हणाल्या, आणि संध्याकाळी खरोखर आल्या, आणि आल्या आल्या भांडल्या. सबब मोहीम फत्ते जाहली, ऐसे दफ्तरी लिहावे.