तात्यांच्या मोटारीची तहान

तात्या नाझर मोटारीचा ताप पालथ्या हातानं बघत. तळहात कामानं राठ झालेला असतो, त्याला खरा ताप कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. भर रस्त्यात मोटार थांबवायची, खाली उतरायचं, बॉनेटवर पालथा हात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ आतल्या मंडळींनी अगदी गप्प बसायचं. आमच्या धाकट्यानं एकदा त्या शांततेत शिंक दिली, तर तात्यांनी पहिल्यापासून पुन्हा ताप बघितला.

"अंग कोमट आहे," ते डोळे उघडून जाहीर करत. "पण धोका इथं नाही, मास्तर. धोका पुढे आहे."

हे वाक्य मी नगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऐकलंय, राहुरीच्या बाजारात ऐकलंय आणि भंडारदऱ्याला धरणाच्या भिंतीवर, जिथे पुढे रस्ताच नव्हता, तिथेही ऐकलंय.

तात्या आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत. कोर्टात नाझर होते. जन्मभर जप्तीचा माल ताब्यात घेऊन घेऊन त्यांची नजरच अशी झाली होती की, कुठलीही चीज समोर आली की ती कुठे मोडेल हे आधी दिसे. मी नवी खुर्ची आणली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं आणि निघून गेले. चार महिन्यांनी शाळा-तपासनीस साहेब आमच्याकडे चहाला आले आणि त्या खुर्चीत बसले. माझी बढती त्या डाव्या पायापाशी मोडली.

अशा माणसानं मोटार का घ्यावी, हे गल्लीला कोडं होतं. लढाई संपल्यावर छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याची जुनी मोटार तात्यांनी पेन्शनीच्या पैशात घेतली. टप फाटलेला, एक दिवा कायमचा मिटलेला, भोंगा मात्र खणखणीत. तात्या ती रोज पुसत, पण बाहेर काढत नसत. भाजीला पायी जात. "बाजारात न्यायला ती काय पिशवी आहे?" असं विचारत. मोटार वर्षातून एकदाच निघे, मे महिन्यात, भंडारदऱ्याला. पेट्रोल त्या दिवसांत औषधासारखं मिळायचं. तात्या ते कसं जमवत हे मी विचारलं नाही, कारण बरोबर नेत ते आम्हाला: मी, आमची ही, आई आणि दोन मुलं.

"तुमच्या सहकुटुंब सहलीसाठी मी जिवावर उदार होतो," ते म्हणत. त्यात एक सोय होती. मोटारीत बाईमाणूस आणि पोरंबाळं असली की कुणी विचारत नाही, हा एकटा म्हातारा निघाला कुठे. पण हे मला फार पुढे सुचलं. मला सगळंच फार पुढे सुचतं.

प्रवासाचे नियम कडक होते. वळणावर कुणी हसायचं नाही, तोल जातो. समोरून बैलगाडी आली की मोटार बाजूला घेऊन ती नजरेआड होईपर्यंत उभं राहायचं, कारण बैलाच्या मनात काय आहे हे बैलालाही माहीत नसतं. आणि उतार आला की सगळ्यांनी खाली उतरून चालायचं.

"ब्रेक हा साहेब लोकांचा विश्वास," तात्या म्हणत. "आपला विश्वास दगडावर."

तो दगड माझ्याकडे असे. विळदच्या उतारावर मोटार मुंगीच्या पावलानं उतरे आणि मी चाकाशेजारून दगड पोटाशी धरून पळे. ब्रेक निकामी झाला तर मी तो चाकापुढे टाकायचा. पहिल्या वर्षी तात्या "मास्तर!" असं ओरडले. त्यांना फक्त माझं धोतर सुटतंय हे सांगायचं होतं. मी दगड टाकला. तो चाकापुढे पडला नाही, माझ्या पायावर पडला. पुढचा सगळा भंडारदरा मी एका पायावर पाहिला.

मागून बैलगाडी घेऊन येणारा एक शेतकरी हा सोहळा थांबून बघत होता.

"मोटार तुमची आन् चालताय बी तुमीच?" तो म्हणाला. "लई बेस. बैल देऊ का जुपायला?"

"चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो," आमची ही मला म्हणाली. तात्यांना ऐकू जाईल इतपत हळू.

तात्यांना एकच मुलगी. शांता. तिची आई ती लहान असतानाच गेली. वेणी घालण्यापासून गणितापर्यंत सगळं तात्यांनीच तिचं केलं. वेणी वाकडी होई आणि गणित सरळ सुटे. ती देवळाली प्रवऱ्याला दिली होती. घर मोठं, पाटाच्या पाण्यावरचा ऊस, माणसं चांगली. पण सासू अंथरुणाला खिळलेली आणि सून एकुलती एक. तिला माहेरी धाडायचा विषय निघाला की तिकडून उत्तर ठरलेलं, "आई नसलेल्या माहेरी पोरीनं जाऊन करायचं काय?" यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं.

मग तात्यांनीच का जाऊ नये? तर मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा रिवाज तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्याकडे पुष्कळजण तो सोयीनं पाळत. तात्या नाझर होते, ते कायद्यासारखा पाळत. शांताच्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा नव्हता. वर त्यांचं आणखी एक मत होतं. काम नसताना बाप दारात दिसू लागला की सासरी मुलीचं वजन उतरतं.

म्हणून ते जात नसत. संध्याकाळी मात्र मोटारस्टँडावर जाऊन उभे राहत आणि राहुरीकडून येणाऱ्या उतारूंना विचारत, "पाटाला पाणी सोडलं का हो? ऊस कसा आहे देवळालीचा?" कोर्टातून निवृत्त झालेल्या माणसाला देवळालीच्या उसाची एवढी काळजी पाहून एकानं त्यांना गुळाचा दलाल समजून भाव विचारला होता.

तर पहिली दोन्ही वर्षं असं झालं की, राहुरी मागे पडली आणि देवळालीचा फाटा जवळ आला की मोटार तापायची. पालथा हात बॉनेटवर, डोळे मिटलेले, आणि मग गंभीर निकाल, "फणफणलीय. धोका पुढे आहे. आत वळावं लागेल, पाण्यासाठी."

हमरस्ता सोडून आम्ही आत जायचो आणि शांताच्या सासरच्या दारात उभे राहायचो. आम्हाला ओसरीवर पाट, पन्हं, पोहे. तात्या मोटारीपाशीच उभे. शांता घागर घेऊन बाहेर यायची. तात्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढायचे. ती ओतायची, ते धार बघायचे. घागर संपली की झाकण लागायचं आणि आम्ही निघायचो. घोटभर पाणी तात्यांना चालत नव्हतं. मोटारीला चालत होतं. मी ओसरीवरून हे पाहत पोहे खायचो आणि मनात म्हणायचो, काय हा योगायोग.

तिसऱ्या वर्षी मी हुशारी केली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तात्या स्टँडावर गेलेले असताना मी सहज टाकीचं झाकण उघडलं. टाकी निम्मी रिकामी. मला हसूच आलं. वर्षभर मोटारीला न्हाऊमाखू घालणारा माणूस नेमकं पाणी भरायला विसरतो! मी टाकी काठोकाठ भरली. वर रॉकेलचे दोन रिकामे डबे घासून, पाण्यानं भरून मागे बांधून टाकले आणि वरून सतरंजी पसरली. तात्यांना वाटेत चकित करायचं, असा बेत होता.

सकाळी निघालो. विळद उतरलो, पाय शाबूत राहिला. राहुरीच्या अलीकडे तात्या ताप बघायला उतरले, आणि परत बसताना त्यांचा चेहरा मला जरा विचित्र वाटला. राहुरी ओलांडल्यावर पुन्हा उतरले. या वेळी त्यांनी पालथा हात लावला, मग तळहात लावला, शेवटी वाकून गालही लावला.

"तापत कशी नाही?" ते स्वतःशीच पुटपुटले.

फाट्यापाशी ते तिसऱ्यांदा उतरले. उन्हात नुसते उभे राहिले. मला वाटलं, हीच वेळ. मी सतरंजी ओढली.

"तात्या, तापेल कशी? काल मीच टाकी भरली! आणि हे बघा, दोन डबे वर. आता थेट भंडारदरा. देवळालीत वळायची कटकटच नको!"

तात्यांनी डब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बरं केलंत मास्तर," ते म्हणाले. "सोय झाली."

स्टिअरिंगमागे बसले आणि मोटार सरळ हमरस्त्यानं पुढे नेली. फाटा मागे राहिला. समोरून एक बैलगाडी आली, तात्या थांबले नाहीत. वळणावर मुलं खदाखदा हसली, त्यांना कुणी दटावलं नाही. पुढे धोका आहे असं कुणी म्हणेना, तेव्हा मात्र मला पहिल्यांदा भीती वाटली.

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडलोच.

"गाढवा," ती माझ्या कानात म्हणाली. "साऱ्या जगाच्या धोक्याला भिणारा माणूस टाकी निम्मी ठेवून निघतो, ती विसरून? वर्षातून एकदा पोर दिसते त्यांना. ती भेटही बुडवलीस."

मी डब्यांकडे पाहिलं. जन्मात कधी पाण्याची एवढी लाज वाटली नव्हती.

तोवर आईनं पुढे वाकून हाक मारली होती. "भावजी, मोटार वळवा. माझ्या पोटात ढवळतंय. घटकाभर सावलीला टेकल्याशिवाय मी पुढे यायची नाही."

"वहिनी, पुढे कोल्हारला धर्मशाळा आहे..."

"मला धर्मशाळेत नका टाकू. देवळालीत चला."

तात्या मोटार कधी मागे घेत नसत. पुढे तोंड करून मागे जाणं त्यांना पटत नसे. पण त्या अरुंद रस्त्यावर त्यांनी ती एका दमात फिरवली. फाट्यावरून आत वळताना भोंगा वाजवला, समोर कुणी नसताना.

दारात पोचलो. शांताचे सासरे दादासाहेब ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसले होते. भारदस्त गृहस्थ, मोजकं बोलणारे.

"या," ते म्हणाले. "तापली वाटतं यंदाही?"

तात्या रुमालानं बॉनेट पुसू लागले. खोटं बोलायची सवय नव्हती. दोन वर्षं मोटार त्यांच्या वतीनं खरंच तापत आली होती. आई पोट धरून उतरली आणि ओसरीवर जाऊन निवांत पन्हं पिऊ लागली. दुखण्याचं तिला स्मरणही राहिलं नाही.

तेवढ्यात शांता आली. कमरेवर घागर. भोंगा ऐकूनच भरली असावी, कारण पदराला हात पुसायचेही राहिले होते. ती वर्षात रोडावली होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं तात्यांकडे. मग नाइलाजानं तात्यांनी टाकीचं झाकण काढलं.

आत पाणी अगदी काठाशी. चमकत होतं. मी भरलेलं.

शांतानं ते पाहिलं. तिनं घागर कमरेवरून उचलली, तिरपी केली आणि बारीक धार सोडली. पहिल्याच थेंबाला टाकी भरून वाहू लागली. पाणी मोटारीच्या तोंडावरून ओघळलं, चाकावरून उतरलं आणि धुळीत वाट काढत ओट्याकडे निघालं.

"खोकला गेला का?" ती ओतता ओतता म्हणाली.

"कधीच. तू जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. रात्री दूध घेता?"

"घेतो. सासूबाई कशा आहेत?"

"कालपासून थोड्या बसतात उशीला टेकून."

दादासाहेबांचा गडी सखाराम गोठ्याकडून येत होता. ओहळ पाहून तो जागीच थबकला.

"आवो वैनीसाब!" तो ओरडला. "टाकी भरलीया की कवाच! पानी समदं भाईर चाललंय!"

मोटारीपाशी दोघंही एकदम थांबली. घागर तशीच तिरपी राहिली. तात्यांचे कान लाल झाले. कोर्टात पकडून आणलेल्या माणसासारखे ते झाकण हातात धरून उभे राहिले. मी काहीतरी सांभाळून घ्यावं म्हणून तोंड उघडलं, तर आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पोह्यांनी भरलं.

दादासाहेबांनी ओट्याच्या पायरीशी आलेलं पाणी पाहिलं. मग तात्यांकडे, मग सुनेकडे. अडकित्त्यात धरलेली सुपारी त्यांनी कातरली, आणि बराच वेळ ती कातरतच राहिले.

"सख्या, तुला मोटारीतलं काय कळतं?" ते शेवटी म्हणाले. "जा. सूनबाईंना आणखी एक घागर भरून आणून दे."

आणि पान अर्धवट लावलेलं तसंच टाकून ते उठून आत गेले.

सखाराम डोकं खाजवत आडाकडे गेला, घागर भरून आणली. दुसरी घागर शांतानं पहिलीपेक्षाही बारीक धारेनं ओतली.